पलीकडचा वाटाणा

स्वित्झर्लंडमध्ये माझ्या नावाची एक कालवड आहे, हे मी आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी हळूच कानाशी लागायला नको आणि तोंडावर हात ठेवून हसायला नको. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आमच्या शेजारच्या प्रतिमाताई हसल्या होत्या आणि त्या हसण्यापायी मी दोन दिवस जावयाशी बोलले नव्हते. तेव्हा तो जावई नव्हताच म्हणा. सगळं माझ्या एका 'हो'वर अडून बसलं होतं.

मी इंदुमती. बावीस वर्षं जयपूरच्या सोडाला भागातल्या एका प्रसूतिगृहात नर्स होते. त्या भागातली निम्मी पोरं पहिल्यांदा माझ्या हातांवर रडली आहेत, आणि त्यातली काही आता स्कूटरवरून मला कट मारून जातात. आमचे हे, दशरथ, रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. जयपूरचा नवा झोन झाला तेव्हा आम्ही भुसावळहून इकडे आलो आणि पुढे खातीपुऱ्यात घर बांधलं. स्टेशन इतकं जवळ आहे की गाडी उशिरा आली तर यांना घरात बसून घाम फुटतो. मुलगी एकच, उत्कर्षा. ती पाण्याची इंजिनिअर झाली, स्कॉलरशिपवर स्वित्झर्लंडला गेली आणि तिथेच नोकरीला लागली.

ऑक्टोबरात तिचा फोन आला.

"आई, मला लग्न करायचंय."

"कर ना बापा. आम्ही कुठं हात धरला तुहा?"

"तो शेतकरी आहे."

"कुठला?"

"इथलाच. मतलब, मी जिथे काम करते ना, त्या गावातला. बीर्गमाट. छोटंसं आहे, एकशे त्रेसष्ट लोक. नाही, आता दोघं वारले. एकशे एकसष्ट."

"आन् गाई?"

"दोनशे दहा," उत्कर्षा म्हणाली, आणि मी फोन यांच्या हातात दिला.

माझं म्हणणं साधं होतं. मुलगा गोरा असो, परका असो, आपली भाषा न बोलणारा असो, मला काही अडचण नव्हती. मी नाही म्हणत होते ती गावाला.

त्याचं कारण माझे वडील. अकोल्याकडचं आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला नदीकाठी आमची वस्ती. गावातलं जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम माझ्या आज्याकडे होतं, त्याच्या बापाकडे होतं. बाबांनी बौद्ध झाल्यावर ते सोडलं. मी सहा वर्षांची असताना पाटलाचा बैल मेला आणि सांगावा आला. बाबा म्हणाले, आम्ही आता ते करत नाही. त्यावर गावानं दुकान बंद केलं, गिरणी बंद केली, मजुरी बंद केली. विहीर तर आधीपासूनच बंद होती, माझी आई तिच्या काठावर घागर घेऊन उभी राहायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं. पंधराव्या दिवशी आम्ही चौघं डोक्यावर भांडी घेऊन पायी निघालो. अकोल्याला पोचल्यावर बाबा मला म्हणाले, "जिथं आपल्या आधी आपली जात पोचते, तिथं पुन्हा बिऱ्हाड करू नको, इंदू." ते वारले त्याच्या आदल्या आठवड्यातही त्यांनी हेच वाक्य म्हणून दाखवलं होतं, आणि मी मान हलवली होती.

आता त्यांच्या नातीनं बिऱ्हाडासाठी नेमकं एक गाव शोधून काढलं होतं. तेही गाईंचं.

"आई, तू हो म्हटल्याशिवाय मी नाही करणार," उत्कर्षा म्हणाली. हे बोलणं मला धमकीपेक्षाही जड गेलं. "पण आधी त्याला बघ ना. आम्ही जानेवारीत येतो. सोळा तारखेला परत."

आले. दार उघडलं तर साडेसहा फुटी माणूस चौकटीखाली वाकून उभा. तांबूस दाढी, हाताचे पंजे फावड्याएवढे. त्याने दोन्ही हात जोडले आणि बैठकीतल्या बाबासाहेबांच्या फोटोकडे एकदा बघून, मग आमच्याकडे वळून, स्पष्ट आवाजात म्हणाला, "जय भीम!"

हे तिथेच विरघळले. माझा नवरा चाळीस वर्षं लोखंडाबरोबर राहिला, पण मनाने साखरेचा आहे.

मुलाचं नाव उर्स. इथे उर्स म्हटलं की लोक अजमेरच्या उरुसाची गाडी विचारतात. भाजीवाल्यानेही विचारलीच. उर्सला ते कळल्यावर तो इतका मोकळेपणी हसला की भाजीवाल्याने दोन लिंबं वर घातली. मला तो आवडू लागला होता, आणि याचाच मला राग येत होता.

यांना तर तो पहिल्याच दिवशी खिशात घालून गेला. बीर्गमाटला जाणारी गाडी चढावर असते, तिथे दोन रुळांच्या मध्ये दात्यांची एक पट्टी असते आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकून गाडी वर चढते, असं त्याने मोबाइलवर दाखवलं. हे चष्मा पुसून पुसून बघत बसले.

"अवं, पोट्टं सोन्यासारखं आहे. तू कायले तोंड पाडून बसली?" स्वयंपाकघरात येऊन ते मला म्हणाले.

"पोट्ट्याले मी वाईट म्हटलंच नाई. मी गावाले नाई म्हणून राह्यली."

"गाव त पाय कसं आहे! मधातल्या मधात दात्यांची पट्टी!"

"तुम्ही त्या पट्टीशीच लगन लावा मंग," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी रोडग्यांचा बेत केला. आमच्याकडचे रोडगे म्हणजे इकडच्या बाटीचे सख्खे भाऊ, फक्त सोबत डाळीऐवजी वांग्याची झणझणीत भाजी. परातीत कणीक मळून ठेवली होती, टेबलावर जयपूरच्या थंडीतल्या मटाराचा ढीग होता, आणि आम्ही तिघं सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं, म्हणजे सहज विचारल्यासारखं केलं, "गाव आहे तरी कसं?"

उर्सने इकडेतिकडे पाहिलं. मग माझी परवानगी घेऊन त्याने परात जवळ ओढली आणि कणकेचे दोन डोंगर उभे केले, मध्ये ओढ्याची दरी ठेवून. त्याचे ते पंजे कणकेवर फार हलके चालत होते. तो इंग्रजीत सांगत होता, अर्धं मला कळत होतं, उरलेलं उत्कर्षा तिच्या अडखळत्या मराठीत सांगत होती.

"ही उन्हाची बाजू. इथे घरं आणि गवत. उंची तेराशे मीटर."

"माउंट अबूपेक्षा उंच," हे खुर्ची ओढत म्हणाले.

"ही सावलीची बाजू. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊनच येत नाही. इथे जंगल आहे." उर्सने कोथिंबिरीची जुडी तोडून तिकडच्या डोंगरावर खोचली. "हे झाड कुणी तोडायचं नाही. सहाशे वर्षांपासून नियम आहे. मतलब, झाड तोडलं की बर्फ खाली येतो आणि गाव जातं."

मग त्याने वाटाणे घेतले आणि उन्हाच्या डोंगरावर एकेक करून लावू लागला. एकेचाळीस घरं. प्रत्येक घर लावताना तो नाव सांगायचा. हे पोस्टाचं, आता बंद. ही शाळा, सात मुलं. ही चीजची खोली, उन्हाळ्यात गाई वरच्या कुरणावर गेल्या की सगळ्यांचं दूध एकत्र, आणि शेवटी ज्याच्या गाईचं जितकं दूध तितकं चीज त्याच्या घरी. सप्टेंबरात गाई खाली येतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट बांधतात आणि अख्खं गाव रस्त्यावर उभं राहतं. आपल्याकडच्या पोळ्यासारखं, म्हणजे बैलांच्या जागी गाई. त्याच्या पणजोबांच्या वेळचा गरिबीचा इतिहासही त्याने सांगितला. बटाटे संपले की माणसं अमेरिकेला पाठवायची, आणि दहा वर्षांची मुलं दुसऱ्यांच्या शेतावर राबायला. स्वित्झर्लंडला कुणी गरीब होतं हे मला नवीनच होतं. मला वाटायचं तिथे लोक घड्याळ घालूनच जन्माला येतात.

शेवटी त्याने वरच्या टोकापासून खालपर्यंत सुरीने एक बारीक रेघ ओढली. हा पाट. हिमनदीचं पाणी लाकडी पन्हळीतून, कड्याच्या पोटातून, गावाच्या गवतापर्यंत येतं. पाळीने मिळतं. प्रत्येक घराचे तास ठरलेले. दर वसंतात पाट साफ करायला प्रत्येक घरातून एक माणूस आलंच पाहिजे, मग तो सरपंच असो नाहीतर पाद्री.

मी बघत होते. रेघेपलीकडे, सावलीच्या बाजूला, ओढ्याच्या काठी एक वाटाणा एकटाच पडला होता. घरंगळून गेला असेल म्हणून मी तो उचलला आणि बाकीच्यांत ठेवायला गेले.

"नो, नो, आई," उर्स म्हणाला. त्याने माझ्या चिमटीतून तो अलगद घेतला आणि परत ओढ्यापलीकडे ठेवला. "दॅट इज अस."

मी उत्कर्षाकडे पाहिलं.

"ते उर्सचं घर आहे, आई."

"मंग बाहेर काहून?"

मी हा प्रश्न विचारणारच होते. कुठल्याही गावाबद्दल मी हा एकच प्रश्न विचारते, की गावाबाहेर कोण राहतं. फक्त उत्तर असं परातीत वाढून येईल असं वाटलं नव्हतं.

उर्स थांबून थांबून बोलला. त्याचा पणजोबा डोंगरापलीकडून गुराखी म्हणून आला होता. गावाने राहू दिलं, पण गावकीत घेतलं नाही. ओढ्याच्या गावाकडच्या बाजूला घर नाही बांधायचं, वरच्या कुरणावर हक्क नाही, पाण्याची पाळी नाही. सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते पाणी. कायद्याने सगळे सारखे होऊन शंभर वर्षं होत आली तरी गावकीची वही वेगळीच होती. त्याच्या आजोबांना एकोणीसशे एकसष्टमध्ये पाळी मिळाली. तीही आधी नुसती दीड तासाची.

"आणि आता?" मी इंग्रजीतच विचारलं.

"नाऊ," तो म्हणाला, आणि उत्कर्षाकडे बघून हसला, "शी गिव्ह्ज द वॉटर."

उत्कर्षा लाल झाली. मग म्हणाली, "आई, ते पाटाचं दुरुस्तीचं काम माझंच आहे ना. तर मागच्या वसंतात गावाची सभा झाली, सगळ्यांनी हात वर केले. तेव्हापासून पाण्याची पाळी मी सांभाळते. मतलब, दरवाजाची चावी माझ्याकडे असते. आधी लोक बघायचे माझ्याकडे, खूप बघायचे. एक म्हातारा तर दोन महिने नमस्कार घेत नव्हता. आता पाणीवाली म्हणतात."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. जिच्या आजीला विहिरीवर घागर बुडवता येत नव्हती ती मुलगी एका अख्ख्या गावाला पाणी वाटते, आणि हे मला ती वाटाणे सोलता सोलता सांगत होती. पदराने डोळे पुसले आणि कांदा नसताना कांद्यावर ढकललं.

त्या दिवशीच मी हो म्हणाले असते. पण तेवढ्यात प्रतिमाताई आल्या.

प्रतिमाताई म्हणजे आमच्या शेजारीण. यजमान बँकेत अधिकारी होते, मूळच्या पुण्याच्या, आणि कुणाकडे पाहुणा आला की साखर मागायला येण्याची त्यांची जुनी सवय. त्या बसल्या, उर्सचं कौतुक केलं, आणि त्याला वाटलं असेल आता चांगली वेळ आहे, म्हणून उर्सने मोठ्या उत्साहाने मोबाइल पुढे केला. सरप्राइज, म्हणाला.

फोटोत एक गोठा होता. लाकडी दार, दारावर काळी पाटी, पाटीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: INDUMATI. खाली जन्मतारीख. आणि पाटीशेजारी कपाळावर पांढरा गोल टिकला असलेली एक तपकिरी कालवड, कॅमेऱ्याकडे बघत.

"आमच्याकडे पद्धत आहे, कालवडीचं नाव आईच्या अक्षरावरून," उत्कर्षा घाईघाईने सांगू लागली. "हिची आई आयरिस होती, तर आय अक्षर पाहिजे. मी त्याला सांगितलं होतं तुझ्या नावाचा अर्थ पौर्णिमा. हिच्या कपाळावर बघ ना. तिकडे खूप मान असतो याला, उर्सच्या आईच्या नावाचीपण आहे एक."

प्रतिमाताईंनी टाळी वाजवली. "अय्या! म्हणजे तुम्ही गोमाताच झालात की हो!" आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांच्या घरी गाय म्हणजे हळदीकुंकू. पण आमच्या घरी गाय म्हणजे तिच्या मरणानंतर येणारा निरोप. सात पिढ्या आमचा आणि गाईचा संबंध ती मेल्यावर सुरू व्हायचा. आणि आता माझं नाव, बाबांनी हौसेने ठेवलेलं, पाटलिणीच्या लेकीचं असतं तसं नाव, तेही त्यांनी गावाशी भांडून शाळेत लावलेलं, एका गोठ्याच्या दारावर.

मी उठले आणि रोडगे भाजायला घेतले. सगळे करपले.

दोन दिवस मी उर्सशी बोलले नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. तो बिचारा गोंधळला. उत्कर्षा रडली. हे माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

"त्या पोट्ट्याले काय माहीत, इंदे? त्यानं मानच देल्ला तुले."

"मले माहीत आहे त्यानं मान देल्ला," मी म्हणाले. "मलेच घेता येऊन नाई राह्यला. त्याले काय करू?"

त्यांनी माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि पोळ्या लाटायला लागले. त्यांच्या पोळ्या नकाशासारख्या होतात, पण त्या दिवशी मी टोकलं नाही.

संक्रांतीच्या सकाळी मी लवकर उठले. बाहेर अजून धुकं होतं आणि लांब कुठल्यातरी पोरांनी पतंगाचा आरडाओरडा सुरू केला होता. स्वयंपाकघरात दिवा लागलेला. उर्स टेबलाशी बसून एकटाच मटार सोलत होता. गोठ्याची सवय, पाचला जाग येते म्हणाला. माझ्यासाठी त्याने चहा करून ठेवला होता, आणि तो चहा इतका वाईट होता की मला त्याची दया आली.

समोर बसले. काहीतरी बोलायचं म्हणून नर्सच्या तोंडून यायचं तेच आलं. "ती कालवड, जन्माला येताना नॉर्मल आली का?"

त्याचा चेहरा उजळला. नाही, म्हणाला, आणि हातानेच दाखवलं: मागचे पाय आधी.

"पायाळू!" मी म्हणाले.

त्याने मोबाइल काढला. उत्कर्षाने बॅटरी धरून शूट केलं होतं. उर्स शर्ट काढून, खांद्यापर्यंत हात आत घालून उभा. घाम. गाय कण्हते आहे. मी बघता बघता पुढे झुकले. "आता ओढू नको, थांब, तिले कळ येऊ दे," मी व्हिडिओशीच बोलायला लागले, "हं, आता. आता ओढ. खाली ओढ, सरळ नको!" आणि तो पठ्ठ्या बरोबर खाली ओढत होता. ओली तपकिरी गाठ गवतावर पडली, हलेना. उर्सने तिच्या नाकात गवताची काडी घातली, छाती चोळली, मागचे पाय धरून वर केली. पोरांना आम्ही अगदी असंच करतो. मग ती शिंकली. मी टेबलावर थाप मारली.

"शाबास," मी म्हणाले. दोन दिवसांनी त्याला उद्देशून निघालेला तो पहिला शब्द.

त्याला शाबास कळलं. मग त्याचा चेहरा उतरला. आयरिस वाचली नाही, म्हणाला. संध्याकाळपर्यंत होती. म्हणून कालवडीला त्याने आणि उत्कर्षाने बाटलीने दूध पाजलं, तीन तीन तासांनी, आठवडाभर.

मी कप खाली ठेवला. मला विचारायचं नव्हतं, पण ते माझ्या आधी माझ्या आज्याने विचारलं असावं.

"मग तिला कोणी उचललं?"

त्याला प्रश्न नीट कळला नाही. मी इंग्रजीत, सावकाश, पुन्हा विचारलं. मेलेली गाय गोठ्यातून बाहेर कोणी नेली?

"मी आणि पप्पांनी," तो म्हणाला. "रस्त्यापर्यंत. पुढे गाडी येते."

"दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही?"

उर्स माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या निळ्या डोळ्यांत खरंखुरं कोडं होतं. "हू एल्स?" तो म्हणाला. "शी वॉज अवर काऊ."

दुसरं कोण. आमचीच गाय होती ना ती.

मी रडले. कांदा वगैरे काही म्हटलं नाही. तो माणूस घाबरून उठला, त्याला वाटलं पुन्हा काहीतरी चुकलं, आणि उत्कर्षाला हाका मारायला लागला. ती धावत आली, मागून हे आले, उशीचा वळ गालावर घेऊन. मी तिघांना खाली बसवलं आणि माझ्या आज्याचं काम काय होतं, पाटलाचा बैल कसा पडून राहिला, आणि आम्ही पायी कसे निघालो, ते सगळं सांगितलं. उत्कर्षालाही मी ते कधी पुरतं सांगितलं नव्हतं. तिने एकेक वाक्य त्याला सांगितलं.

उर्स म्हणाला की तो आजच फोन करून नाव पुसायला सांगतो. आय वरून दुसरं शोधू.

"थांब," मी म्हणाले. "आधी मी तिले पायतो."

दुपारी सगळं जयपूर गच्चीवर होतं. आमच्याही गच्चीवर तिळपापडीचं ताट होतं, प्रतिमाताई होत्या, आणि उर्स आयुष्यातला पहिला पतंग उडवण्याच्या प्रयत्नात मांज्याने बोट कापून घेत होता. हे चक्री धरून त्याला हुकूम सोडत होते, मराठीत. त्याला त्यातलं सगळं कळतंय अशी त्यांची पक्की समजूत होती.

उत्कर्षाने व्हिडिओ कॉल लावला. उर्सची आई, वेरेना, गोठ्यात उभी होती, डोक्याला रुमाल, तोंडातून वाफ. माझ्याच वयाची, माझ्याच बांध्याची. तिने मोबाइल फिरवला आणि ती दिसली. कपाळावर पौर्णिमा, कान उभे, ओलं नाक कॅमेऱ्याला लावून श्वास सोडत होती.

वेरेना काहीतरी बोलली. आवाज पडेल होता.

"ती विचारते, तुम्हाला वाईट वाटलं का? नाव बदलू का म्हणते."

मी कालवडीकडे बघितलं. कालवड माझ्याकडे. आमच्या सात पिढ्यांत जिवंत गाईशी इतक्या जवळून डोळाभेट झालेली मीच पहिली असेन.

"तिले सांग, नाव बदलायचं नाई," मी म्हणाले. "पण माझं नाव ठेवलं त माझ्यासारखी वागवा म्हणा. सकाळी उठल्या उठल्या तिच्याशी कोणी बोलायचं नाई. थंडीत अंगावर पोतं टाकायचं. आन् चिडली त चिडू द्यायचं, समजूत काढत बसायचं नाई."

उत्कर्षाने सांगितलं. वेरेना इतकी हसली की मोबाइल हलायला लागला. मग तिने काही सांगितलं आणि उत्कर्षापण हसायला लागली.

"ती म्हणते, चिडतेच ती. काल दोनदा बादली उलटवली."

"नाव बराबर ठेवलं," हे चक्रीवरून म्हणाले.

"आई," उत्कर्षा माझ्याजवळ सरकली. "मतलब... मतलब तू..."

"मतलब हो," मी म्हणाले.

तिने मला मिठी मारली तेव्हा तिळपापडीचं ताट गेलं. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी एक पतंग कापला आणि चारी बाजूंनी "वो काटा!" उठलं, थाळ्या वाजल्या, पिपाण्या वाजल्या. उर्सला वाटलं हे सगळं आमच्यासाठीच चाललंय. त्याने दोन्ही हात वर करून सगळ्या गल्लीला जय भीम केला, आणि गल्लीनेही, काही कळो न कळो, त्याला हात केले. कटलेला पतंग त्याचाच होता. प्रतिमाताई पुन्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि या वेळी मीही त्यांच्या खांद्याला धरून हसले.

लग्न सप्टेंबरात आहे, गाई खाली येतील त्या आठवड्यात. यांनी दात्यांच्या गाडीचं वेळापत्रक पाठ केलं आहे. मी वेरेनाला रोडगे शिकवणार आहे आणि त्या ओढ्यापलीकडच्या घरात बसून तिचा चहा पिणार आहे. मुलाच्या चहावरून आईच्या चहाचीही भीती वाटते, पण घेईन. त्या दोन महिने नमस्कार न घेणाऱ्या म्हाताऱ्यालाही मला एकदा बघायचं आहे. माणसं तिथलीही माणसंच असणार, मी काही दूधखुळी नाही.

बाबांचा शब्द मोडला असं मात्र मला वाटत नाही. त्यांनी गाव नको असं कधी म्हटलंच नव्हतं, हे मला त्या दिवशी गच्चीवर लक्षात आलं. आपल्या आधी आपली जात जिथे पोचते तिथे बिऱ्हाड नको, एवढंच ते म्हणाले होते. बीर्गमाटला माझ्या आधी पोचलं ते त्यांनी ठेवलेलं माझं नाव. खडूने, मोठ्या अक्षरांत, जिवंत जनावराच्या दारावर. आणि स्पेलिंगसुद्धा बरोबर.